पुण्यातील वेधशाळेचे विस्मृत प्राध्यापक

दूर खंडातील दुर्बीण संगणकावरून वळवून ताऱ्यांची छायाचित्रे घेणे आज शाळकरी विद्यार्थ्यांनाही साधते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र दुर्बीणच समुद्रापलीकडून महाविद्यालयाच्या आवारात आणावी लागे. पुण्यात ती आणली प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी.

१८५७ मध्ये जन्मलेले नायगमवाला १८७८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम.ए. झाले आणि १८८२ मध्ये तेथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्याच वर्षी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयाला वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले; मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे घेण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या या तरुण अध्यापकाने तेथील ज्योतिर्विदांची भेट घेतली आणि बेतच बदलला. प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा उभारण्याचे ठरले. पुढे त्यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. तेथे १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील तिची वीस इंची दुर्बीण कित्येक दशके देशातील सर्वांत मोठी होती.

तिचे चीज कसे झाले, याचे उत्तर मृग नक्षत्रातील तेजोमेघात सापडते. सूर्यप्रकाशात हेलियमचा माग काढणारे नॉर्मन लॉकियर यांच्या मते, अशा मेघांतील ठळक हिरवी रेषा उल्कांमधील मॅग्नेशियममुळे उमटते. तसे असते, तर रेषेची एक कड पसरट दिसायला हवी होती. नायगमवालांनी पुण्याहून वेध घेतले. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आढळली. १८९१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. लॉकियर यांचा इंग्लंडमधील दबदबा लक्षात घेता, हे धाडस लहान नव्हे. (ही रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये उलगडले.)

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे मोहीम नेली आणि सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे टिपली. त्याचा सविस्तर अहवालही पुढे छापला गेला.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळेला टाळे लागले. एका माणसाच्या निष्ठेवर चालणाऱ्या संस्थेला वारस उरला नव्हता. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. १९३८ मध्ये नायगमवालांचे निधन झाले. त्यांची दुर्बीण मात्र पुढेही कामास आली. १९८० च्या दशकात नव्या वेधशाळेसाठी योग्य जागा पारखताना ती लेहलाही नेण्यात आली होती.