दारा शुकोह

हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात वाटाड्याने मला काही निनावी थडगी दाखविली. यांतलेच एखादे दारा शुकोहचे, असे तो म्हणाला. मन चरकले. घरी आल्यावर मी मिळेल ते वाचून काढले.

शहाजहान व मुमताजमहल यांचा हा थोरला मुलगा १६१५ साली अजमेरला जन्मला. वडील बहीण जहानआरा हिच्याप्रमाणेच तो कादिरी सूफी पंथाचा. पत्नी नादिरा बानूला त्याने हौसेने चित्रसंग्रह भेट दिला होता. सूफी मत आणि वेदान्त यांतील साम्य दाखविणाऱ्या १६५५ च्या ग्रंथाला त्याने 'दोन समुद्रांचा संगम' अशा अर्थाचे नाव दिले. १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या साहाय्याने पन्नास उपनिषदे फारसीत आणली. त्यांवरूनच १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर निघाले.

स्वभावाने तो गर्विष्ठ, युद्धात कच्चा. १६५८ साली सामूगढला औरंगजेबाने त्याचा पराभव केला. पळापळीत नादिरा वारली. १६५९ मध्ये धर्मभ्रष्टतेचा ठपका ठेवून त्याला ठार मारण्यात आले.

भगिनींनो, आमच्या शेजारच्या मुसलमान घराशी आमची वर्षानुवर्षे वाटीभर साखरेची देवघेव होती. पण त्यांच्या धर्मात काय सांगितले आहे, हे मी कधी विचारले नाही. त्या थडग्यांची आठवण झाली की त्याचीच लाज वाटते.