डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

जुन्नर किंवा नारायणगावच्या आठवड्याच्या बाजारात उभे राहिले, की चंचीतून तंबाखू काढून तळहातावर चुन्याबरोबर मळणारे शेतकरी दिसतात. घोडेगाव-मंचरकडील घरांत सकाळी मिश्री लावणाऱ्या आजीबाई पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिल्या असतील. अशा नित्याच्या, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या सवयींकडे ज्यांनी शास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले, त्या डॉक्टर खानोलकरांचे हे अल्पचरित्र आहे. त्यांचे नाव मोठमोठ्या शास्त्रीय ग्रंथांत आढळते. परंतु आपल्या शाळांतून ते फारसे ऐकू येत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

खानोलकर हे आडनाव ऐकताच वेंगुर्ले तालुक्यातील खानोली गावाची आठवण होते. पण वसंतरावांचा जन्म मात्र १३ एप्रिल १८९५ रोजी दूर क्वेट्टा येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले व १९२३ साली विकृतिशास्त्र ह्या विषयात एम. डी. ही पदवी संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या घटकांत जे फेरफार होतात त्यांचा अभ्यास. ह्या विद्येचा अभ्यासक रोग्याची नाडी पाहत बसत नाही. रोगग्रस्त भागाचा केसाहूनही पातळ काप घेऊन तो रंगवितो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास न्याहाळतो. ह्या कामात लौकिक थोडा, धनप्राप्ती त्याहून थोडी. लंडनची पदवी घेतलेल्या डॉक्टरास मुंबईत उत्तम व्यवसाय सहज थाटता आला असता. खानोलकरांनी तसे न करता ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अध्यापन पत्करले.

१९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे प्रमुखपद खानोलकरांकडे आले. कर्करोग म्हणजे दैवाचा कोप, त्यास कारण शोधून काय उपयोग, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. आजही ती पुरती गेलेली नाही. खानोलकरांनी रोग्यांस निराळेच प्रश्न विचारावयास आरंभ केला. तुम्ही काय खाता? तंबाखू तोंडात कोठे धरता? वस्त्र कसे नेसता? ह्या चौकशीतून १९४५ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि हिंदुस्थानातील रूढींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार जगापुढे मांडले. तंबाखू व चुना खालच्या ओठामागे दाबून ठेवणाऱ्यांस नेमका त्याच जागी कर्करोग होतो. चुट्ट्याचे पेटलेले टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आंध्र किनाऱ्यावर होती. तेथील लोकांस तो टाळूवर होतो. आणि वर्षानुवर्षे कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचा काळवंडून, तेथे जखम होऊन क्वचित कर्करोग उद्भवतो. धोतरासारख्या निरुपद्रवी वस्त्राचे नाव रोगास मिळालेले पाहून वाचकांस हसू येईल. पण ह्या शोधाचा अर्थ मोठा गंभीर होता. रोगाचे कारण सवयीत असेल तर सवय सोडून रोग टाळता येतो.

त्यांचे दुसरे कार्य मज्जातंतूंसंबंधी होते, आणि आमच्या मते तेच अधिक खोल होय. कुष्ठरोग हा त्वचेचा रोग अशी लोकांची कल्पना असते. त्याचे जंतू नॉर्वेतील हॅन्सेन ह्या वैद्याने १८७३ मध्येच दाखविले होते. पण ते शरीरात आपले बस्तान कोठे बसवितात, हे कळणे अवश्य होते. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या अवस्थेतील, केवळ फिकट चट्टा दिसत असलेल्या त्वचेचे काप तपासले. त्वचेत बाहेरून फारसा बिघाड दिसत नसतानाही तेथील बारीक मज्जातंतूंत जंतू सापडले. त्वचेतील तंतूंच्या उघड्या टोकांतून शिरून जंतू तंतूच्या मार्गानेच आत सरकतात, असे मत त्यांनी प्रतिपादन केले. हाताची बोटे वाकडी होणे, पायाला भाजले तरी न कळणे, ह्या साऱ्या विपत्ती मज्जातंतूंच्या नाशातून येतात. म्हणून मुलाच्या अंगावरील चट्ट्याला टोचले असता कळत नसेल, तर आईबापांनी तो लपवू नये. आज ह्या रोगावर खात्रीची औषधे सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. उशीर झाल्यास मात्र मेलेला तंतू औषधाने जिवंत होत नाही.

१९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तेथेच १९५८ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे त्यांनी व सहकाऱ्यांनी जाहीर केले. पुढील तपासात तो जंतू निराळ्या जातीचा ठरला. खरा कुष्ठजंतू कृत्रिम अन्नावर वाढविणे अद्यापि कोणासही साधलेले नाही. तरीही त्या जंतूपासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार करण्यात आली, तेव्हा ते श्रम व्यर्थ गेले असे म्हणता येत नाही.

१९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण आदी मानसन्मानही त्यांस लाभले; त्यांची यादी देऊन जागा अडविण्याचे प्रयोजन नाही. शिष्य घडविण्याचे त्यांचे काम त्याहून सांगण्यासारखे आहे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत शिक्षण घेऊन त्या परत आल्या व त्यांनी परळच्या केंद्रात शरीरातील पेशी काचपात्रांत वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. ह्याच कमलाबाईंनी उत्तरायुष्यात, आपल्या जुन्नर तालुक्याला लागून हरिश्चंद्रगडापलीकडे असलेल्या अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली.

खानोलकर १९७८ साली निवर्तले. त्यांचे केंद्र १९६६ मध्येच टाटा रुग्णालयाशी एक झाले होते. त्याची प्रयोगशाळा आता नव्या मुंबईत खारघर येथे आहे. लहान मुलांच्या लहान मेंदूत मेडुलोब्लास्टोमा नावाची दुष्ट गाठ होते. शस्त्रक्रियेनंतर मेंदू व कण्यावर किरण सोडावे लागतात, आणि वाढत्या मेंदूस तेच किरण अपाय करतात. सर्व गाठी सारख्या नसतात. त्यांचे चार प्रकार आहेत व काही पुष्कळ सौम्य असतात. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासून तिचा प्रकार ओळखण्याची चाचणी खारघरच्या संशोधकांनी तयार केली आहे. २०२३ पासून तेथे प्रोटॉन किरणांनी उपचार सुरू झाले. हे किरण गाठीपाशी येऊन थांबतात, त्यामुळे पलीकडील निरोगी मेंदूला इजा कमी पोचते.