अमृता शेर-गिल : बघत बघत घडलेली चित्रकार

चित्रकलेच्या तासाला मुलांना आपण हमखास ऐकवतो की दुसऱ्याचं बघून काढू नका. मीही ऐकवत आले. पण अमृता शेर-गिलचं चरित्र वाचलं आणि थबकले. ही मुलगी तर दुसऱ्यांचं बघतबघतच मोठी झाली!

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टचा. वडील उमरावसिंग संस्कृत-फारसीचे अभ्यासक, आई हंगेरियन गायिका. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्याला आलं. पुढे तिचे मामा एर्विन बाक्ताय तिथे आले. मनातून काढण्यापेक्षा समोर माणूस बसवून काढ, असा सल्ला त्यांनी भाचीला दिला. मग काय, घरातले नोकरचाकरच तिच्यासमोर बसू लागले.

१९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती पॅरिसला शिकायला गेली. शाळेत ल्युसियाँ सिमोन हे शिक्षक होते, पण तिच्यावर खरा परिणाम झाला तो सेझान आणि गोगँ यांच्या चित्रांचा. दोघेही तेव्हा हयात नव्हते. वस्तूला वजन कसं द्यायचं ते तिने सेझानकडून घेतलं, सपाट, भरदार रंग गोगँकडून. १९३२ च्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राने तिथे नावही मिळवून दिलं. तिथेच राहिली असती तरी चाललं असतं, नाही का? पण १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली.

आणि १९३६ मध्ये आली आपल्या अजिंठ्याला. आपल्या सहली तिथे तासाभरात फोटो काढून परततात, ते सोडा. अमृताने त्या भिंतींकडे चित्रकाराच्या नजरेने पाहिलं. सावळ्या अंगांचे रंग, संथ उभ्या-बसलेल्या आकृती, आणि छायाप्रकाशाचा फार खटाटोप न करताही जिवंत वाटणारी माणसं. तिथून ती दक्षिणेत गेली, मट्टनचेरीची भित्तिचित्रं पाहिली, आणि १९३७ मध्ये तीन चित्रं रंगवली : नववधूचा शृंगार, ब्रह्मचारी, आणि बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत. ‘ब्रह्मचारी’ जरूर शोधून मुलांना दाखवा. पांढरी धोतरं, काळसर देह, विलक्षण शांतता. अजिंठ्यातली एकही आकृती त्यात उचललेली नाही, तरी अजिंठा आहेच. माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं काम हेच.

त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. पुढे मुघल आणि पहाडी लघुचित्रांनी तिला ओढून घेतलं. गोरखपूरजवळच्या सराया गावी राहताना तिची चित्रं आकाराने लहान आणि रंगाने अधिक उजळ होत गेली.

१९४१ मध्ये ती लाहोरला राहायला गेली. प्रदर्शन तोंडावर आलं असतानाच ५ डिसेंबरला ती गेली. वय अवघं २८. घरातून दिसणारी छपरं आणि खालच्या काळ्या म्हशी ती रंगवत होती. ते चित्र अर्धवटच राहिलं.