उष्णतेचा गणिती : झोझेफ फूरिये

ध्वनि, चित्रें अथवा हृदयाचे ठोके आकड्यांत उतरवून त्यांजवर संस्कार करणाऱ्या शास्त्रास डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात. त्याचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्यास एक नांव पानोपानीं भेटतें. तें झोझेफ फूरियेचें होय.

फ्रान्सांतील ओसेर गांवीं ता. २१ मार्च १७६८ रोजीं एका शिंप्याच्या घरीं तो जन्मला. दहाव्या वर्षाच्या सुमारास आईबापांचें छत्र हरपलें. गांवच्या लष्करी शाळेंत बेनेडिक्टिन साधूंपाशीं त्यास गणिताचा नाद लागला. मेणबत्त्यांचीं उरलेलीं टोकें जमवून तो रात्रीं अभ्यास करी, असें सांगतात. तोफखान्यांत शिरावें ही त्याची इच्छा, पण कुल उच्च नाहीं म्हणून तें दार बंद झालें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९४ सालीं तो तुरुंगांत पडला. रोब्सपियेरचा पाडाव झाला म्हणून वांचला. पुढें नेपोलियनबरोबर तो इजिप्तला गेला आणि १८०२ सालीं ग्रनोबल येथें प्रांताधिकारी झाला.

दलदली सुकविणें, रस्ते बांधणें, ह्या कामांतून वेळ काढून त्यानें एकच प्रश्न हातीं धरिला : घन पदार्थांतून उष्णता कशी पसरते? १८०७ सालीं त्यानें पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढें निबंध ठेविला. मिश्र नाद जसा शुद्ध स्वरांत उकलावा, तसा कितीहि वेडावांकडा आलेख साध्या साइन-लहरींच्या बेरजेनें मांडतां येतो, हा त्यांतील दावा. एके काळचा त्याचा गुरु लाग्रांज, त्यासच तें पटेना! निबंध छापला गेला नाहीं. १८११ सालीं तो सुधारून पुन्हां धाडला, तेव्हां पारितोषिक मिळालें. परंतु सिद्धता अपुरी असल्याचा शेराहि सोबत आला. हा केवळ वृद्धांचा हेका होता असें म्हणतां येत नाहीं. उणीव खरोखरीच होती, व ती पुष्कळशी डिरिक्लेनें १८२९ सालीं भरून काढिली. फूरियेनें मात्र हट्ट सोडिला नाहीं. १८२२ सालीं उष्णतेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

इजिप्तहून परतल्यापासून त्यास थंडी सोसवत नसे. खोली तापवून, गरम कपड्यांत गुरफटून तो बसे. ता. १६ मे १८३० रोजीं पॅरिस येथें तो वारला.

त्याची रीति संगणकावर चालविणें प्रथम फार वेळखाऊ होतें. १९६५ सालीं कूली व टूकी ह्या अमेरिकन गणितज्ञांनीं एक जलद पद्धति प्रसिद्ध केली. ध्वनीचे १०२४ नमुने उकलण्यास पूर्वी दहा लाखांवर गुणाकार लागत. त्या पद्धतीनें ते सुमारें ५१२० झाले. तेंच गणित आज वर्गांत पहिल्या सत्रांतच करवून घेतात.