वारकऱ्यांचे मास्तर : विष्णुबुवा जोग

आपल्या पाटोदा तालुक्यात सप्ताह झाला नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. वीणा, पहारा, काकडा, हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन ही सात दिवसांची शाळाच असते. पण कीर्तनाला उभा राहणारा बुवा स्वतः कोणत्या शाळेत शिकला, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर आळंदीला सापडते. तेथील वारकरी शिक्षण संस्था ज्यांनी 1917 साली काढली, त्या विष्णुबुवा जोगांचे चरित्र म्हणूनच आपल्याला जवळचे वाटावे.

विष्णु नरसिंह जोग यांचा जन्म 1867 साली पुण्यात, ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणी त्यांना तालमीचा भारी नाद. पुढे संतवाङ्मयाने त्यांना असे ओढून घेतले की आखाडा मागे पडला आणि आळंदी पुढे आली. त्यांनी लग्न केले नाही. ज्ञानेश्वरांनाच गुरू मानले, गळ्यात तुळशीची माळ घातली आणि पंढरीची वारी धरली. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह होता. तुकोबांची गाथा आणि अमृतानुभव सामान्य माणसाला कळावेत म्हणून त्यांनी सार्थ आवृत्त्या तयार केल्या. एवढे केले असते तरी त्यांचे नाव राहिलेच असते.

परंतु त्यांचे खरे कार्य पुढचे आहे. वारकऱ्यांत दीक्षित पुरोहित नाही. गावात कोणी वारले तर दहाव्याला चार शब्द सांगून घरच्यांना धीर देणारा, दारूत बुडालेल्याच्या गळ्यात माळ घालून त्याला सावरणारा, भावाभावांचा तंटा मिटवणारा माणूस हा त्यांच्यातलाच शेतकरी, कारागीर, नाहीतर विरक्त असतो. हे काम नुसत्या भक्तीने होत नाही. त्याला ग्रंथ पाठ हवेत, अर्थ समजायला हवा, बोलण्याला वळण हवे. अशी माणसे पूर्वीही तयार होत. पंढरपूरचे फड होते, नानामहाराज साखऱ्यांसारखे अधिकारी शिकवणारे होते. पण ज्याच्या घरी फड नाही, ओळख नाही, अशा दूरच्या खेड्यातील पोराने जावे कोठे? जोगमहाराजांनी त्याच्यासाठी वर्ग उघडला. ज्यांच्या घरात आपण पहिलेच शिकणारे, त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

शिक्षण चार वर्षांचे. ज्ञानेश्वरी, गाथा, एकनाथी भागवत, गीता, शिवाय गायन आणि पखवाज. पाठांतरावर मोठा भर. जेवणासाठी झोळी घेऊन माधुकरी मागायची. मला वाटते, माधुकरी हाही अभ्यासाचाच भाग होता. ज्याने दारोदार उभे राहून भाकरी घेतली, त्याला लोकांच्या घरातले सुखदुःख पुस्तकातून शिकवावे लागत नाही. बुवांची आणखी एक कडक अट होती : कीर्तनाचे पैसे घ्यायचे नाहीत. आज काही कीर्तनांची बिदागी तारखेआधी ठरते, तेव्हा ही अट आठवून जरा अवघडल्यासारखे होते. उणीव म्हणायची तर एक दिसते. त्या वर्गात मुली नव्हत्या. जनाबाई, मुक्ताबाईंच्या संप्रदायात ही गोष्ट खटकते.

संस्था काढून तीन वर्षे होतात न होतात तोच, 1920 साली, जोगमहाराजांनी आळंदीलाच देह ठेवला. एका माणसावर उभे असलेले काम अशा वेळी बहुधा मोडते. येथे मोडले नाही, कारण शिकवणारे तयार झाले होते. सोनोपंत दांडेकर त्यांचेच शिष्य. पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, प्राचार्य आणि तितकेच निष्ठावंत वारकरी. दुसरे शिष्य बंकटस्वामी. ते आपल्या बीड जिल्ह्यातले, नेकनूरचे. जोगांच्या मागे त्यांनी संस्थेचा भार वाहिला.

तो काळ मराठवाड्यात निजामाचा होता. राज्यकारभार उर्दूत चाले. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. अशा वेळी इकडच्या मुलाला मराठीतले थोर ग्रंथ रीतसर शिकायला मिळाले ते आळंदीला, बंकटस्वामींजवळ. अशा मुलांतच आपल्या तालुक्यातील सावरगाव घाटचे आबाजी सानप होते. ते सोनोपंतांच्याच वयाचे; दोघांचाही जन्म 1896 चा. एकाने पुण्यात तत्त्वज्ञान शिकवले. दुसरा आळंदीहून बालाघाटाच्या डोंगरात परतला, गावोगाव सप्ताह करीत हिंडला, पोरांना शाळेत घाला म्हणून लोकांच्या मागे लागला. त्यांनाच आपण भगवानबाबा म्हणून ओळखतो. जोगमहाराजांच्या शिष्याचे ते शिष्य.