वादळाआधीचा पारा वाचणारे केरोनाना

कोल्हापूर – चैत्र-वैशाखात दुपारनंतर पन्हाळ्याच्या दिशेने काळे ढग चढू लागले, की करवीरकरांना वळवाची चाहूल लागते. सह्याद्री ओलांडून येणारा समुद्राचा दमट वारा आणि पूर्वेकडील तापलेली कोरडी हवा यांची गाठ पडली, की पाहता पाहता बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात हिमकण व गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार निर्माण होतो, वीज कोसळते, झाडे उन्मळून पडतात. हा सारा खेळ तास-दीड तासाचा असतो. मात्र तेवढ्या वेळात शेतात राबणाऱ्याच्या जिवावर बेतते. हे संकट येण्यापूर्वी ओळखता येईल काय, या प्रश्नाचा पाठपुरावा महाराष्ट्रात आकडे मांडून सुरू झाला, तेव्हा त्या कामी एक पोरवयाचा मराठी मुलगा होता. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे.

लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून केरोनाना सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्याचा आरंभ मात्र हवामानाच्या नोंदवहीत झाला, हे फारसे सांगितले जात नाही. अलिबागजवळच्या नागाव येथे १८२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने ते मुंबईस चुलत्यांकडे आले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकू लागले. तेथे बाळशास्त्री जांभेकर आणि प्रा. ऑर्लेबार असे गुरू लाभले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेत ऑर्लेबार यांनी या हुशार विद्यार्थ्याला दरमहा ५० रुपयांवर साहाय्यक नेमले. तेव्हा केरोनानांचे वय जेमतेम पंधरा-सोळा होते.

काम दिसायला नीरस होते. वायुभारमापकातील पारा, तापमान, वारा आणि चुंबकसूचीची हालचाल यांच्या नोंदी रात्रंदिवस घ्यायच्या. परंतु या नीरसपणातच शास्त्र दडलेले होते. आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो अधिक असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी. हा नित्याचा चढउतार नेमका किती, हे पक्के ठाऊक नसेल, तर पारा खाली आला तो दुपार झाली म्हणून की समुद्रात वादळ उठले म्हणून, हे कसे कळावे? वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय त्याचे उत्तर मिळणे अशक्य. त्याच काळात कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या चाळून समुद्री वादळांची गती शोधत होते. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांचाच. वादळाचा अभ्यास असा दोन्ही किनाऱ्यांवर वहीतूनच उभा राहत होता.

सुमारे दहा वर्षांनी केरोनाना पुण्यास अध्यापनासाठी गेले. त्यांनी पदार्थविज्ञान व अंकगणितावर मराठीत पुस्तके लिहिली आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून निघालेले पटवर्धनी पंचांग हे त्यांचे धाडसच म्हणावे लागेल. पावसाची नक्षत्रे पंचांगात पाहणाऱ्या समाजाला, गणित आकाशाशी जुळत नसेल तर गणितच बदलले पाहिजे, असे ते सुचवत होते. लोकांनी त्यांचा आदर केला, पंचांग मात्र बहुतेकांनी जुनेच ठेवले! वेधशाळेत जडलेली, प्रत्यक्ष पाहिलेल्यावरच विश्वास ठेवण्याची सवय त्यांनी सोडली नाही. सरकारने १८७७ मध्ये त्यांना रावबहादूर किताब दिला.

देशात हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ मध्ये. कोलकात्यास १८६४ च्या चक्रीवादळाने हाहाकार उडवल्यावर आणि पुढे पावसाने दगा दिल्यावर सरकारला ही निकड पटली. या खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये केरोनानांच्या कर्मभूमीत, पुण्यात आले. ते पाहण्यास ते नव्हते. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचे निधन झाले होते.

कुलाब्याच्या नोंदींची कथा मात्र पुढे चालूच राहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तेव्हा चुंबकीय उपकरणांत व्यत्यय येईल म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. म्हणजे योगायोगाने नागावच्या शेजारीच. याच परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली, आणि तिनेच पुढे आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रडार उभारले. हे रडार वळवाचे ढग पाहत नाही. त्याची नजर त्यांच्याही कितीतरी वर, सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांवर असते. विजेचा इशारा देण्याचे काम पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपने हाती घेतले.