मेरी बेथ्यून

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात मेसव्हिल नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाजवळ १० जुलै १८७५ रोजी सॅम्युएल व पॅट्सी मॅक्लाउड या शेतकरी दांपत्याच्या पोटी मेरीचा जन्म झाला. सतरा भावंडांत ती पंधरावी. तिचे आईवडील पूर्वी गुलाम होते. गुरांप्रमाणे माणसांची खरेदीविक्री करण्याची ती दुष्ट चाल अमेरिकेत १८६५ मध्ये कायद्याने बंद झाली. या गोष्टीचा गौरव म्हणून आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील लोकांना अर्पण केला होता. परंतु कायदा झाला म्हणून मने थोडीच पालटतात! शाळा, दवाखाने, आगगाडीचे डबे, सर्वत्र गोऱ्यांसाठी एक दार व कृष्णवर्णीयांसाठी दुसरे, अशीच स्थिती पुढे कित्येक वर्षे राहिली.

मेरीची आई एका गोऱ्या कुटुंबाचे कपडे धुऊन देत असे. एके दिवशी मेरी तिच्याबरोबर त्या घरी गेली. मुलांच्या खोलीत एक पुस्तक पडलेले होते. तिने कुतूहलाने ते हाती घेतले. तोच त्या घरच्या मुलीने तिला ते खाली ठेवण्यास फर्मावले. तुला कोठे वाचता येते, असे ती म्हणाली. मेरीने पुस्तक मुकाट्याने खाली ठेवले. ते बोल कडू होते, पण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते तिच्या जिव्हारी लागले. आपण वाचायला शिकायचेच, असा तिने निश्चय केला.

पुढे एम्मा विल्सन नावाच्या कृष्णवर्णीय शिक्षिकेने मेसव्हिलला शाळा काढली. घरातून एकाच मुलाला पाठविणे शक्य होते. त्यासाठी मेरीची निवड झाली. रोज पाच मैल जायचे व पाच मैल परत यायचे. सायंकाळी ती दिवसभर शिकलेला पाठ घरच्यांना शिकवी. तिची हुशारी पाहून, दूर डेन्व्हर शहरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी तिच्या पुढील शिक्षणाचा खर्च उचलला. त्यांनी मेरीला कधी पाहिलेही नव्हते.

शिक्षण संपल्यावर आफ्रिकेत जाऊन धर्मकार्य करावे, अशी मेरीची इच्छा होती. परंतु आफ्रिकेत कृष्णवर्णीय धर्मसेवकांसाठी जागा नाही, असे उत्तर तिला मिळाले. केवढे हे नवल! मेरी खिन्न झाली. मग तिने शिक्षिकेचा पेशा पत्करला. १८९८ मध्ये आल्बर्टस बेथ्यून यांच्याशी तिचा विवाह झाला.

फ्लॉरिडा राज्यात डेटोना येथे लोहमार्गाचे काम करणाऱ्या मजुरांच्या मुलांना शाळा नाही, हे समजताच मेरीबाई तेथे गेल्या. ३ ऑक्टोबर १९०४ रोजी त्यांनी एका भाड्याच्या घरात मुलींची शाळा उघडली. जवळ होता अवघा दीड डॉलर. विद्यार्थिनी पाच, आणि त्यांच्या जोडीला मेरीबाईंचा लहान मुलगा. खोक्यांची बाके केली, कोळशाच्या पेन्सिली केल्या, रानफळांच्या रसाची शाई केली. बाई व मुली मिळून रताळ्यांचे गोड पक्वान्न व आइस्क्रीम करीत आणि मजुरांना विकत. त्या पैशांतून गावचा केरकचरा टाकण्याची एक जागा हप्त्याने घेतली, ती साफ केली, आणि तेथेच शाळेची इमारत उभी राहिली. पुढे दुसरी एक संस्था तिच्यात मिळाली व तिचे महाविद्यालय झाले.

एकदा शाळेतील एका मुलीला अपेंडिक्सचे असह्य दुखणे जडले. जवळ होते ते गोऱ्यांचे रुग्णालय. बाईंनी पुष्कळ विनवण्या केल्या तेव्हा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी बाई भेटायला गेल्या, तर मुलगी मागच्या पडवीत ठेवलेली! आत खाटा होत्या. त्या तिच्यासाठी नव्हत्या. मेरीबाईंनी १९११ मध्ये शाळेच्या आवारात स्वतःचे छोटे रुग्णालय उघडले.

परंतु एका गावात एक रुग्णालय निघाले, तरी इतर गावांतील पडव्यांचे काय? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

अशा कामांत कृष्णवर्णीय स्त्रिया पूर्वीपासूनच गुंतलेल्या होत्या. गावोगावी त्यांची मंडळे असत. कोठे बालवर्ग, कोठे वृद्धांचे घर, कोठे वाचनालय, असे त्यांचे काम चाले. अशा मंडळांनी १८९६ मध्ये एक राष्ट्रीय संघ स्थापन केला. १९२४ ते १९२८ या काळात मेरीबाई त्याच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्याच खटपटीने संघाला वॉशिंग्टन येथे स्वतःचे कार्यालय मिळाले. तरीही शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थिनी, चर्चमधील स्त्रिया यांच्या संघटना निरनिराळ्या राहिल्या. सरकारदरबारी प्रत्येकीचा आवाज क्षीण पडे. या सर्वांची एकच परिषद असावी, असे बाईंनी मनात घेतले.

५ डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये या संघटनांच्या प्रतिनिधी जमल्या. सर्वांनाच ही कल्पना रुचली असे नाही. जुन्या संघाच्या पहिल्या अध्यक्षा मेरी चर्च टेरेल यांनी, या नव्या संस्थेने काय साधणार, अशी शंका उघड बोलून दाखविली. शंका वावगी नव्हती. जुना संघ असताना नवी परिषद काढल्याने शक्ती विभागण्याचा धोका होताच. बाईंनी सर्वांचे ऐकून घेतले, पण आपला आग्रह सोडला नाही. त्या सभेत ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’ ही परिषद जन्मास आली व बाई तिच्या अध्यक्षा झाल्या. ‘निग्रो’ हा शब्द त्या काळी सन्मानाने वापरला जाई. आता तो मागे पडला आहे.

पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारात तरुणांना शिक्षण व काम देणाऱ्या खात्यात बाईंची नेमणूक झाली. आता त्या सरकारातही होत्या आणि परिषदेतही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील स्त्रियांच्या दलात कृष्णवर्णीय स्त्रियांनाही अधिकारपदे मिळावीत, म्हणून त्यांनी खटपट केली. परिषदेच्या सभासदांनी सरकारी कर्जरोखे खपवून एका मालवाहू जहाजासाठी पैसा जमविला. गुलामांना गुप्तपणे सोडवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे नाव त्या जहाजाला देण्यात आले. १९४४ मध्ये ते पाण्यात उतरले. त्याच्या आदल्याच वर्षी परिषदेने वॉशिंग्टनमध्ये आपले घर विकत घेतले होते. बाई तेथेच राहत व तेथूनच काम पाहत.

१९४९ मध्ये बाईंनी अध्यक्षपद सोडले. १८ मे १९५५ रोजी डेटोना येथे त्यांचा अंत झाला. महाविद्यालयाच्या आवारातच त्यांची समाधी आहे. परिषदेचे काम मात्र थांबले नाही. १९७४ मध्ये तिने पैसे जमवून वॉशिंग्टनच्या एका उद्यानात बाईंचा पुतळा उभारला.

अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. फ्लॉरिडाच्या वतीने तेथे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता. तो हलविण्यात आला आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी मेरी बेथ्यून यांचा संगमरवरी पुतळा आला. त्यांच्या अंगावर पदवीदानाचा झगा आहे, हातात काठी आहे, आणि बाजूला पुस्तकांची चळत रचलेली आहे.